जुना डिझेल ट्रक स्टार्ट होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं जुन्या, मेकॅनिकल इंजेक्शन पंपाच्या ट्रकसाठी आहेत. म्हणजे ज्यात हँड पंप मारून एअर (डिझेलच्या नळ्यांत शिरलेली हवा) काढता येते आणि इंजिन चालायला कॉम्प्युटर लागत नाही. कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, इंजिनवाल्यांनी बॅटरी, सेल्फ आणि टाकी ते फिल्टर एवढंच वाचावं. नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) नळ्यांना पाना लावायचा भाग त्यांच्यासाठी नाही. कारण खाली येईलच.

आणि काहीही करण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, चाकाखाली लाकडाचा ठोकळा. केबिन उचलली असेल तर तिचा लॉक बसलाय का ते हात लावून बघा, नुसतं नजरेने नको.

गाडी स्टार्ट होत नाही. सुरुवात कुठून करू?

कानापासून आणि डोळ्यांपासून. पान्यांची पेटी नंतर उघडा. एकाला सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही सायलेन्सरच्या तोंडाजवळ उभे राहा. दोनच गोष्टी बघायच्या: इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय का, आणि धूर येतोय का.

इंजिन फिरतच नाही किंवा रडत रडत फिरतंय, तर भानगड विजेची आहे: बॅटरी, केबल, अर्थिंग नाहीतर सेल्फ. झकास फिरतंय पण धुराचा पत्ता नाही, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाहीये. फिरतंय, पांढरा धूरही येतोय, पण इंजिन पकडत नाही, याचा अर्थ डिझेल पोचतंय पण जळत नाही. काळा धूर ओकत कसंबसं स्टार्ट होत असेल तर इंजिनाला हवा कमी पडतेय.

एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट न घालवता लोक सरळ पंप उतरवतात, याचं मला आजही नवल वाटतं.

पण इंजिनाच्या वेगाचं एवढं काय? फिरतंय ना, मग पेटायला हवं.

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, ती हळू फिरणाऱ्या इंजिनातही पडते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. तिथे हवा आपल्या मूळ जागेच्या साधारण सोळाव्या ते बाविसाव्या हिस्स्यात दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि मग त्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, तोच प्रकार, फक्त कितीतरी जोरात.

आता इंजिन हळू फिरलं तर काय होतं? दाबलेल्या हवेला पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो आणि तिची उष्णता थंड सिलिंडरच्या भिंती खाऊन टाकतात. पिस्टन वर पोचेपर्यंत हवा कोमट झालेली असते. म्हणून 'फिरतंय पण स्टार्ट होत नाही' अशा गाडीतही गुन्हेगार बॅटरी असू शकते. मिनिटाला शंभर-दीडशे फेरे ही बहुतेक इंजिनांची खालची पायरी समजा. मोजायला यंत्र नसेल तर कान पुरतो: चांगला सेल्फ इंजिनाला सलग एका लयीत फिरवतो, दमलेला सेल्फ प्रत्येक कॉम्प्रेशनला 'हूं... हूं...' करत अडतो.

हेडलाइट लागतात, हॉर्न वाजतो. म्हणजे बॅटरी चांगलीच ना?

नाही. दिव्यांना थोडे अँपिअर लागतात, ट्रकच्या सेल्फला शेकड्यांनी. दिवे लावणं म्हणजे तांब्या उचलणं आणि सेल्फ मारणं म्हणजे भरलेला हंडा उचलणं.

मल्टिमीटर लावा. गाडी काही तास उभी असताना १२ व्होल्टच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर १२.६ किंवा थोडं जास्त दिसतं. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ म्हणजे जवळपास संपलेली. मात्र खरी परीक्षा सेल्फ मारताना असते. तेव्हा काटा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी दमलीय, किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट ओढतोय. २४ व्होल्टच्या गाडीत हाच आकडा १९ च्या आसपास धरा.

२४ व्होल्टमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यामुळे दोन्हींचं एकत्र व्होल्टेज बघून भागत नाही. प्रत्येकीवर वेगळं मीटर लावा. एक १२.६ आणि दुसरी ११.८ असेल, तर ती दुसरी पहिलीलाही घेऊन बुडणार. बदलताना दोन्ही एकदमच बदला. नवी आणि जुनी यांची बैलजोडी जुळत नाही.

चावी फिरवली की नुसता एकच 'टक्' आवाज येतो. सेल्फ गेला का?

गेला असेलही, पण आधी टर्मिनल बघा. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाणी टाकून धुवा, कापडाने पुसा, पॉलिश पेपरने आतून-बाहेरून चमकवा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

त्यानंतर अर्थिंग. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये एक विणलेली पट्टी किंवा जाड वायर असते. माझ्या स्वतःच्या गाडीत मी नवी बॅटरी घातली, सेल्फचे कार्बन ब्रश बदलले, आर्मेचर तपासून आणलं, तरी तोच 'टक्'. शेवटी गाडीखाली आडवा झालो तेव्हा दिसलं: ती पट्टी वरून अख्खी होती, पण बोल्टाखाली तिची तार-तार सुटून चार-पाच केसांवर लटकत होती. हात लावला तर बोटाला हिरवी पूड लागली. पट्टी बदलली आणि पहिल्या फटक्यात इंजिन धावलं. त्या दिवसापासून मी आधी गाडीखाली जातो.

डोळ्याला न दिसणारी खराब केबल मीटरने सापडते. मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर धरा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढी वीज वाटेतच मरतेय. मग एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. इथे ०.२-०.३ च्या वर जायला नको.

सगळं ठीक असेल आणि तरी 'टक्' येत असेल, तर सॉलेनॉइडचे (सेल्फवरच्या विजेच्या चुंबकाच्या स्विचचे) आतले कॉन्टॅक्ट जळालेत किंवा कार्बन ब्रश संपलेत. सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर गाडी स्टार्ट झाली तर ब्रश अडकत होते असं समजा. हा इलाज गॅरेजपर्यंत पोचण्यापुरता.

'टक्' नाही, 'टकटकटकटक' असा आवाज येतो.

बॅटरी उतरलीय. सॉलेनॉइड ओढून घेतो, तेवढ्यात व्होल्टेज पडतं, तो सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढतो. चार्ज करा, आणि ती कशामुळे उतरली ते शोधा.

सेल्फ 'घर्र' करून फिरतो, पण इंजिन हलत नाही.

पिनियन, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक, पुढे सरकून फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये बसत नाहीये, किंवा रिंगचे दात खाल्ले गेलेत. ओळख सोपी आहे. कधी होतं, कधी होत नाही, आणि गिअर टाकून गाडी थोडी पुढे ढकलली की सेल्फ लागतो, असं असेल तर दातच. इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबतं: चार सिलिंडरचं दोन जागी, सहा सिलिंडरचं तीन जागी. म्हणून रिंगचे तेवढेच दात झिजतात आणि बाकीचे नव्यासारखे असतात.

एका वेळी सेल्फ किती मारावा?

१०-१५ सेकंद, आणि मग निदान दोन मिनिटं विश्रांती. ३० सेकंदांच्या वर कधीच नको. आत तांबं तापतं, बाहेरून कळत नाही.

इंजिन मस्त फिरतंय, पण धूर अजिबात नाही. डिझेल तर टाकीत आहे.

सर्वात आधी स्टॉपचं बघा. ओढून बंद करायची केबल असेल तर ती पंपाच्या बाजूला पूर्ण परत आलीय का? केबल आत गंजली की नॉब आत जातो, पण पंपावरचा लिव्हर 'बंद'वरच राहतो. केबिनमध्ये बसलेल्याला काही कळत नाही. पंपाजवळ उभं राहून लिव्हर बोटाने ढकलून बघा.

केबलऐवजी पंपावर सॉलेनॉइड असेल तर चावी ऑन करताना त्याचा 'टक्' ऐकू यायला हवा. नाही आला तर टेस्ट लॅम्प लावून तिथे वीज येते का बघा. येत नसेल तर फ्यूज किंवा वायर. येत असून आवाज नसेल तर सॉलेनॉइड. मात्र काही गाड्यांत सॉलेनॉइडला वीज मिळाली की इंजिन बंद होतं, म्हणजे काम उलटं. तुमचा कुठल्या जातीचा हे आधी माहीत करून घ्या.

बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीत इनलाइन पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी आतली दांडी) आतल्या आत चिकटते. तिला हातोडा नको. पंपाची बाजूची झाकणी काढून रॅक हलते का बघतात. माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.

हे सगळं ठीक निघालं, तर मग टाकीपासून पंपापर्यंतची वाट तपासायची. टाकीच्या झाकणापासूनच. झाकण उघडताना 'स्स्स' करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी तयार होऊन डिझेल मागे खेचलं जातं. झाकण सैल ठेवून गाडी स्टार्ट झाली की रोग कळला.

संध्याकाळी छान चालते, सकाळी एअर घेतलेली असते. रोज हँड पंप मारावा लागतो.

जुन्या ट्रकवाल्यांचा हा सर्वात आवडता, म्हणजे नावडता प्रश्न. नीट समजून घ्या.

टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची) नळी ओढणीची आहे. तिच्यात दाब नसतो, चोषण असतं. त्यामुळे तिथे फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. लोक नळीवर ओलावा शोधतात, ती कोरडी ठणठणीत असते, आणि 'लीक कुठेच नाही' म्हणून सोडून देतात. रात्रभर त्या फटीतून हवा शिरते आणि डिझेल आपल्या वजनाने टाकीत परत जातं. सकाळी पंपाच्या तोंडात नुसती हवा.

एक फुकटची परीक्षा आहे. एका रात्री गाडी उतारावर अशी उभी करा की इंजिन टाकीपेक्षा वर राहील. दुसऱ्या रात्री उलट, टाकी वर आणि इंजिन खाली. पहिल्या सकाळी त्रास आणि दुसऱ्या सकाळी झटक्यात स्टार्ट, असं झालं तर डिझेल मागे उतरतंय हे नक्की. आणि टाकी भरलेली असताना ठीक, निम्म्याखाली गेली की रडगाणं, असं असेल तर टाकीतल्या उभ्या नळीला वरच्या बाजूला चीर गेलीय. डिझेल चिरेच्या वर असतं तोवर ती चीर झाकलेली राहते.

फट शोधायला फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक डिझेल नळी घाला आणि इंजिन चालू ठेवा. बुडबुडे पळताना दिसले तर फट टाकीच्या बाजूला आहे. नळी एकेक जोड मागे नेत जा. न दिसले तर पुढे शोधा: फिल्टरचं वायसर, हँड पंपाच्या दांड्याची सील, बँजो बोल्टांचे (मधून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टांचे) तांब्याचे वायसर. हे तांब्याचे वायसर एकदा दाबले की कडक होतात. नवे घाला. नसतीलच तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा म्हणजे पुन्हा मऊ होतात; अर्थात डिझेलपासून लांब जाऊन.

दुसरा रस्ता आणखी सरळ. स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच ठेवा, फीड पंपाची इनलेट नळी त्यात सोडा, एअर काढा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी गाडी मुकाट स्टार्ट झाली तर तुमचा पंप, नोझल, इंजिन सगळं निर्दोष सुटलं. दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच वाटेत.

नळ्या सगळ्या चांगल्या असतील तर फीड पंपाच्या आतले छोटे वाल्व्ह बघा. त्यात कचऱ्याचा एक कण बसला तरी डिझेल मागे गळतं.

एअर नेमकी कशी काढायची?

आधी पाण्याच्या सापळ्याची आणि फिल्टरची बाहेरची धूळ पुसून घ्या, नाहीतर एअर निघेल आणि माती आत जाईल. खाली भांडं धरा.

फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू एक-दोन आटे सैल करा आणि हँड पंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग काचेसारखं सलग डिझेल. ते सलग आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. पंप थांबवून आवळलात तर थोडी हवा परत आत जाते. दोन फिल्टर असतील तर टाकीजवळचा आधी. मग इंजेक्शन पंपावरचा ब्लीड स्क्रू, त्याच पद्धतीने. हँड पंप कडक लागायला लागला की वाट भरली.

एवढ्यावर बऱ्याच गाड्या स्टार्ट होतात. न झाल्यास नोझलकडच्या निम्म्या नळ्यांचे नट अर्धा-पाऊण आटा सैल करा, एक्सलेटर दाबून सेल्फ मारा, नटाजवळून डिझेलच्या पिचकाऱ्या निघायला लागल्या की आवळा. इंजिन लंगडत स्टार्ट होईल आणि थोड्या वेळात सरळ होईल.

हँड लिव्हरचा फीड पंप असेल आणि लिव्हर लुळा लागत असेल, तर पंप गेला असं समजू नका. कॅमचा उंचवटा नेमका त्याच जागी थांबलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा, लिव्हरला जोर येईल.

एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका. नोझलच्या नळीतून येणारी बारीक धार बोटाने दाबायची नाही, तिच्यासमोर हातही न्यायचा नाही. तो दाब डिझेल कातडीच्या आत घुसवतो. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात जायची वेळ येते. असं झालं तर तडक हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना 'दाबाखालचं डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. कॉमन रेलमध्ये हा दाब हजार बारच्या पुढे असतो, म्हणून तिथे नळ्यांना पाना लावायचाच नाही.

फिल्टर बदलला आणि गाडी बंद पडली. आधी ठीक होती!

एअर. फिल्टर कोरडाच बसवला असणार, किंवा जुनी रबर रिंग वर चिकटून राहिली आणि नवी तिच्यावर बसली. दुसरी चूक फार सर्रास होते. फिल्टर आधी भरून बसवायचा असेल तर मधल्या मोठ्या भोकातून ओतू नका. ती गाळलेल्या डिझेलची बाजू आहे. तिथून ओतलेला कचरा थेट पंपात जातो.

डिझेलमध्ये पाणी आहे हे कसं ओळखू?

फिल्टरखालचा नळ उघडून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं शांत ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं. मधली रेष स्पष्ट दिसते. रेषेवर काळसर, शेवाळासारखी साय दिसली तर पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जीवाणू वाढलेत. मग नुसता फिल्टर बदलून उपयोग नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. अर्धी रिकामी टाकी बरेच दिवस उभी ठेवली की आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर जमतो आणि खाली उतरतो, म्हणून गाडी उभी करायची असेल तर टाकी भरून करा.

पांढरा धूर भरपूर येतो, इंजिन पकडत नाही.

धुराचा वास घ्या, लांबूनच. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय. इंजिन पकडल्यावरही धूर राहतो, डिझेलचा वास नाही, तो वाफेसारखा विरतो आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे बघा.

कच्च्या डिझेलच्या धुराची कारणं मी या क्रमाने बघतो: सेल्फचा वेग, हिटर, एक्झॉस्ट ब्रेक, टॅपेट (वाल्व्ह दाबून उघडणारे भाग), नोझल, आणि अगदी शेवटी कॉम्प्रेशन आणि टायमिंग. एक्झॉस्ट ब्रेक ऐकून अनेकजण चकित होतात. सायलेन्सरच्या वाटेतली ती झडप काजळीने अर्धवट बंद अवस्थेत अडकली की जळका वायू बाहेर पडत नाही, मग ताजी हवा आत कशी येणार? लिव्हर हाताने हलवून बघा.

टॅपेट फार घट्ट बसले असतील तर वाल्व्ह पूर्ण मिटत नाहीत आणि कॉम्प्रेशन निसटतं. फिलर गेजचं काम आहे, इंजिन उघडायचं नाही. त्याआधीच कोणी 'रिंगा गेल्या' म्हणाला तर टॅपेट बघितले का, एवढं विचारा.

खरंच रिंगा झिजल्या असतील तर इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या तोंडातून धापा टाकल्यासारखा धूर येतो आणि ऑइल कमी होतं. खात्री कॉम्प्रेशन गेजने करायची. चांगल्या इंजिनात सहसा २५ ते ३० बार मिळतात. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. सगळे सिलिंडर थोडे कमी असणं चालून जातं, पण एखादाच खूप खाली असेल तर तो बोलतोय.

हिटर प्लग तपासायचे कसे? माझ्या गाडीत सापडतच नाहीत.

नसतीलच. डायरेक्ट इंजेक्शनच्या बऱ्याच मोठ्या इंजिनांना प्लग लागत नाहीत. फार तर इनटेकमध्ये एक जाळीचा हिटर असतो. काही जुन्या पंपांवर थंडीत जादा डिझेल सोडायचं बटण असतं, तेही शोधा. गाडी कित्येक वर्षं वापरून ज्यांना ते माहीत नाही असे ड्रायव्हर मी पाहिलेत.

प्लग असतील तर त्यांना जोडणारी पट्टी काढा. टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. दिवा लागला नाही तो प्लग जळालेला. मीटरवर चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो. सगळेच प्लग चांगले असतील तर रिले आणि फ्यूज बघा.

थंडीच्या दिवसांतच त्रास होतो.

थंडीत तीन गोष्टी एकदम बिघडतात. बॅटरीची ताकद उतरते, इंजिन ऑइल घट्ट होऊन सेल्फला जड जातं, आणि दाबल्यावर हवा तापायला हवी तेवढी तापत नाही. उन्हाळ्यात काठावर पास होणारी बॅटरी इथे नापास होते. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बुजतो. त्यावर गरम पाण्यात पिळलेलं कापड गुंडाळा. टेंभा, स्टोव्ह, कागदाचा जाळ, काहीही टाकीखाली किंवा फिल्टरखाली धरायचं नाही. क्लच दाबून सेल्फ मारा, गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल फिरवायचं ओझं तेवढंच कमी होतं.

टर्बो असलेल्या गाडीत पकडल्याबरोबर एक्सलेटरवरून पाय काढा. टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोचायला काही सेकंद लागतात.

ईथरचा स्प्रे मारू का?

मी मारत नाही. हिटर तापलेला असताना मारला तर इनटेकमध्येच भडका उडतो. हिटर नसला तरी ईथर पिस्टन वर पोचायच्या आत पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनवर घण बसतो. रिंगा तुटतात, पिस्टनला चीर जाते. 'गाडीला स्प्रेची सवय लागली' असं म्हणतात. सवय इंजिनाला लागत नाही. कॉम्प्रेशन कमी झालेलं असतं आणि स्प्रे ते झाकतो. प्रत्येक स्प्रेगणिक ते आणखी कमी होतं.

थंड असताना स्टार्ट होते, गरम झाल्यावर बंद केली की होत नाही.

आधी गरम असताना सेल्फचा वेग बघा. तापलेल्या सेल्फचा रेझिस्टन्स वाढतो आणि झिजलेल्या बुशमध्ये आर्मेचर घासतं. वेग ठीक असेल तर संशय इंजेक्शन पंपावर, विशेषतः रोटरी पंपावर. गरम डिझेल पातळ होतं आणि पंपाच्या झिजलेल्या भागांतून निसटतं. सेल्फच्या वेगाला नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. पंपावर ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग स्टार्ट झाली तर पंप कॅलिब्रेशनला न्यायची वेळ आलीय. पण तापलेल्या पंपावर बादलीभर गार पाणी ओतू नका, आतली फट काही मायक्रॉनची असते, जाम व्हायची.

मेकॅनिक म्हणतो पंप उतरवायला लागेल. उतरवू का?

त्याला तीन प्रश्न विचारा. कॅनवर गाडी चालवून बघितली का? रिटर्न लाइनचा (जादा डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीचा) ओव्हरफ्लो वाल्व्ह बघितला का? त्याची स्प्रिंग मेली की पंपाच्या गॅलरीत दाब टिकत नाही आणि पंप बिचारा बदनाम होतो. आणि तिसरं, उतरवण्याआधी टायमिंगच्या खुणा करणार का? तिन्हींची उत्तरं नीट आली तर उतरवू द्या.

सेल्फ मारताना इंजिन एकदम 'धप्प' करून अडकलं.

थांबा. पुन्हा सेल्फ मारू नका, धक्काही नको. सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल भरलं असेल तर ते दाबलं जात नाही. जोर केला की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यातून गेली होती का ते आठवा. सगळी नोझलं काढून मग इंजिन हाताने फिरवा. ज्या भोकातून कारंजं उडेल, तो सिलिंडर.

धक्का मारून किंवा ओढून स्टार्ट केली तर?

बॅटरीच संपलेली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तरच. एअर घेतलेली गाडी कितीही ओढली तरी ढिम्म. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत हवा नसेल तर पार्किंगचे स्प्रिंग ब्रेक सुटतच नाहीत, आणि स्टार्ट झाली तरी हवा भरेपर्यंत ब्रेक नाही हे ध्यानात ठेवा. स्टिअरिंगही जड असतं. वरचा गिअर टाका, खालचा नको; चाकं घसटत नाहीत.

दुसऱ्या गाडीवरून जंप करताना काय सांभाळू?

व्होल्टेज. २४ च्या गाडीला २४ चीच गाडी. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. केबल जाड हवी. बोटाएवढी नसेल तर ती फक्त तापेल.

उलटा प्रश्न: चावी काढली तरी गाडी बंदच होत नाही!

वरचाच स्टॉपचा लिव्हर, या वेळी उलट्या बाजूला अडकलेला. पंपावरचा लिव्हर हाताने 'बंद'कडे ढकला. हात पोचत नसेल तर हँडब्रेक ओढा, ब्रेक पूर्ण दाबा, सर्वात वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा; इंजिन गुदमरून थांबेल. पण आवाज आपोआप चढत चालला असेल आणि धूर निळा असेल, तर इंजिन स्वतःचंच ऑइल पीत सुटलंय. मग डिझेल तोडून उपयोग नाही, हवा तोडावी लागते. एअर क्लिनरच्या नळीच्या तोंडावर जाड फळी दाबा. हात किंवा फडकं नको, ते आत ओढलं जातं.